मेस्त्रीच्या हातात माप हाय

केरबा मेस्त्रींबद्दल लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं, की मला ते आवडायचे नाहीत. त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. आमच्या आप्पांना ते फार आवडायचे, एवढंच कारण होतं. मला ते पुरेसं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील; मेस्त्री त्यांना दिनू म्हणायचे. उद्यमनगरातल्या एका छोट्या फौंड्रीत ते मोल्डर होते. मातीचे साचे करायचे, भट्टीतून येणारा लोखंडाचा रस त्यांत ओतायचा, हे त्यांचं काम. पण साचा करायला आधी त्या वस्तूचं लाकडी रूप लागतं. त्याला पॅटर्न म्हणतात, आणि फौंड्रीत सगळे पॅटन म्हणतात. पॅटन मातीत दाबायचा, अलगद वर काढायचा, मागे उरते त्या पोकळीत रस ओतायचा. हे पॅटन केरबा सुतार, म्हणजेच मेस्त्री, करायचे. पंपाची बॉडी असो की इंजिनाचं झाकण, आधी ते मेस्त्रींच्या हातून सागवानात जन्माला यायचं आणि मग आप्पांच्या हातून लोखंडात. दोघांची जोडी माझ्या जन्माआधीपासूनची.

आमच्या घरात रोज संध्याकाळी जेवणाच्या रिकाम्या डब्याबरोबर मेस्त्रींचं काहीतरी यायचं. मेस्त्री आज असं म्हणाले. मेस्त्रींनी आज असली गोलाई काढली, की हात फिरवत बसावं वाटतं. मी बारावीला चांगले गुण मिळवले, आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिला ठरलो, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आप्पांनी मार्कलिस्ट हातात घेतली, वरून खाली बघितली आणि म्हणाले, "बरं झालं. उद्या मेस्त्रींस्नी दाखवून ये."

मी गेलो नाही. आईला सांगितलं, वेळ नाही.

मेस्त्री उंचीने कमी, अंगाने वाळके. पांढरा पायजमा, वर खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल ते पटाशीने तासायचे, टोक चपटं ठेवून, म्हणजे रेघ सुरीच्या पात्यासारखी बारीक यायची. त्यांच्या अंगाला कायम सरसाचा वास असायचा. लाकूड चिकटवायला तोवर सगळ्या सुतारांनी बाटलीतला पांढरा गोंद घेतला होता. मेस्त्री मात्र जुना सरसच वापरायचे, गरम पाण्याच्या डब्यात दुसरा डबा ठेवून वितळवलेला. जनावराच्या कातड्याचा तो वास नाकात बसला की जात नसे. कुणी टोकलं की म्हणायचे, "तुमचा गोंद लय चांगला हाय. पर एकदा चिकटला की सुटत न्हाई. उद्या मालक म्हणला, मेस्त्री, ह्यो कान अर्धा इंच सरकवा, तर? माझा सरस गरम पाणी लावलं की सोडतोय."

त्यांच्याजवळ दोन पट्ट्या होत्या. एक साधी, तुमच्या-आमच्यासारखी. दुसरी वाढीव. लोखंडाचा रस थंड होताना आवळतो, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटन तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून ही दुसरी पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सुताभर मोठा. मेस्त्री तिला लबाड पट्टी म्हणायचे. ती त्यांनी खिडकीखालच्या फळीवर कायमची ठोकून टाकली होती, कारण उजेड तिथेच चांगला. त्यांचं कामाचं टेबल दुसऱ्या टोकाला, दाराजवळ.

त्यामुळे दिवसातून पन्नास वेळा त्यांना खिडकीपासून टेबलापर्यंत चालावं लागे. पट्टीवरून कर्कटकात माप घ्यायचं, आणि कर्कटकाचे दोन पाय तसेच ताठ धरून हळूहळू लाकडापर्यंत यायचं. काठोकाठ भरलेली वाटी घेऊन चालावं तसं. त्या वेळी ते कुणाशी बोलत नसत. मालक समोर आले तरी फक्त डोळे हलायचे. आकडा तोंडाने कधी उच्चारायचा नाही, हाही त्यांचा नियम. त्यांचं म्हणणं, माप डोळ्यातनं हातात गेलं पाहिजे, तोंडात आलं की सांडतं. ते असे निघाले की फौंड्रीतली माणसं आपोआप बाजूला व्हायची, आणि एखादा नवा माणूस काही विचारायला पुढे झाला की कुणीतरी ओरडायचं, "गप रं! मेस्त्रीच्या हातात माप हाय!"

बहुतेक वेळा ओरडणारे आप्पाच असत.

पहिल्या वर्षी मी एक ड्रॉइंग काढलं. पंपाच्या बॉडीचं, तीन बाजूंनी. सरांनी वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. या वेळी मी आपणहून फौंड्रीत गेलो. खरं सांगायचं तर मेस्त्रींना दाखवायला नाही, त्यांच्यासमोर आप्पांना दाखवायला.

"या इंजिनेर," मेस्त्री म्हणाले. कागद त्यांनी उजेडाला धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "लय सुबक काढलंयस. दिनू, बघ की."

आप्पांनी मान हलवली. मी वाट बघत होतो.

"एकच सांग गा," मेस्त्री म्हणाले. "ही भिंत सरळ उभी हाय. ह्यो पॅटन मातीतनं वर काढायचा कसा? ढाळ कुठाय?"

पॅटनच्या उभ्या बाजूंना जरा ढाळ ठेवावा लागतो, नाहीतर वर काढताना माती ढासळते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"मातीला इनंती कराय लागंल," आप्पा म्हणाले, आणि दोघं हसले. मेस्त्री थोडं हसले, आप्पा जास्त. मेस्त्रींनी लगेच चहा मागवला, मला ढाळ समजावून सांगायला लागले, अगदी मायेने. मी एक शब्द ऐकला नाही. मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होतो. एवढं मोकळं हसताना मी त्यांना घरी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी धाकटे मालक, म्हणजे मालकांचे चिरंजीव, पुण्याहून आकडे दाखवणारं कॅलिपर घेऊन आले. लहानशा पडद्यावर माप उमटायचं. सुट्टीच्या दिवसांत मी तिथे होतो. मेस्त्रींनी दिवसभर ते वापरलं. प्रत्येक माप आधी त्याने घेतलं, मग आपल्या जुन्याने. मी जवळच उभा राहिलो. मनात नुसतं एकच चाललेलं, की एकदा तरी चुकू दे. म्हाताऱ्याचं एक माप चुकू दे, आप्पांच्या देखत.

संध्याकाळी मेस्त्रींनी ते कॅलिपर मखमलीच्या डबीत ठेवलं आणि धाकट्या मालकांना परत दिलं.

"काय झालं मेस्त्री? चुकतंय व्हय?"

"न्हाई, न्हाई. एकदम बरोबर हाय. माझंबी बरोबर हाय." मग जरा थांबून, "मग बदलायचं कशाला?"

सगळे हसले. धाकटे मालकही हसले. मेस्त्रींनी विचारलं, डबी तेवढी मिळंल काय, पेन्सिलीस्नी बरी हाय. घरी जाताना आप्पा सायकलवर वाटेत दोनदा स्वतःशी म्हणाले, "मग बदलायचं कशाला." मागे कॅरिअरवर मी बसलो होतो.

आता जे सांगायचं ते तिसऱ्या वर्षाचं. तोवर कॉलेजात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकवू लागले होते. मला ते चांगलं यायचं. धाकट्या मालकांना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी एका जुन्या पंपाच्या झाकणाचं काम माझ्याकडे दिलं. झाकण दीड फूट व्यासाचं, कडेला बोल्टसाठी बाहेर काढलेले आठ कान, कानांना ओतीव भोकं. जुना कागद फाटला होता, तो बघून कॉम्प्युटरवर नवा काढायचा. त्यावरून मेस्त्री पॅटन करणार, आप्पा साचे करणार.

त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात आवळण्याचं गणित शिकवलं होतं. कॉम्प्युटरवर सगळं ड्रॉइंग एका आज्ञेत एक टक्क्याने मोठं करता येतं. मी ते केलं. साडेचारशे मिलिमीटरचे चारशे चोपन्न पॉइंट पाच झाले. माझा विचार साधा होता. मी फौंड्रीत जाणार, सगळ्यांसमोर सांगणार, की मेस्त्री, आता तुमची लबाड पट्टी लागणार नाही. वाढ कागदातच धरली आहे, साध्या पट्टीने मापं घ्या. आणि आप्पा ते ऐकणार.

कागद घेऊन मी गेलो तेव्हा मेस्त्री खिडकीपासून निघाले होते. मी दारातूनच म्हणालो, "मेस्त्री, ह्या कागदाचं एक सांगायचं हाय."

"गप!" आप्पा ओरडले. दहा माणसांत. "दिसत न्हाई व्हय? मेस्त्रीच्या हातात माप हाय!"

मेस्त्री माझ्या शेजारून गेले. डोळ्यांनी त्यांनी मला थांब म्हटलं. टेबलापर्यंत गेले, खूण केली, परत खिडकीकडे निघाले, दुसरं माप घेतलं. मी उभा होतो. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या फेरीला मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, वर लाकडाचा एक तुकडा ठेवला आणि निघून आलो.

न सांगता.

कॉलेजच्या रस्त्यावर आल्यावर वाटलं की परत जावं. नंतर वाटलं, संध्याकाळी आप्पांना सांगू. संध्याकाळी आप्पा डबा खाली ठेवत म्हणाले, मेस्त्री म्हणत होते, पोरगं न बोलताच गेलं. मी पुस्तकातून मान वर केली नाही. मग परीक्षा आली. मी विसरलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो.

तीन आठवड्यांनी आप्पा घरी आले आणि हात न धुताच ओट्यावर बसले. बावीस झाकणं ओतली होती. एकही बॉडीवर बसत नव्हतं. कानांची भोकं जुळत नव्हती.

"मेस्त्री मालकांस्नी म्हणाले, चूक माझी हाय. वाढ दोनदा धरली." आप्पा जमिनीकडे बघत बोलत होते. "मालकांनी कागद मागितला, तर म्हणाले, त्येच्यावर सरस सांडला, गेला त्यो कागद. डोळं गेलं वाटतं मेस्त्रींचं."

बावीस झाकणं त्या दिवशी आप्पांनीच घणाने फोडली होती, परत भट्टीत घालायला. मेस्त्री शेवटचं फुटेपर्यंत तिथे उभे होते.

मला लगेच कळलं काय झालं ते. आणि कळल्यावर पहिल्या क्षणी, अगदी पहिल्या क्षणी, मला बरं वाटलं. हे लिहायला मला बराच वेळ लागला आहे.

मग आप्पांनी विचारलं, "तुमच्यात मशीनवर पॅटन करत्यात म्हणतोस, ते कसं असतंय?" त्यांनी मला असं काही कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. वही आणली, आकृती काढली. आप्पा मांडी घालून ऐकत होते, मध्ये मध्ये "व्हय?" म्हणत होते. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "थांब जरा, पोरगं सांगतंय." ती माझी आणि त्यांची सगळ्यात चांगली संध्याकाळ. मी ती गप्प राहून मिळवली होती.

त्यानंतर मालकांनी नवे पॅटन बाहेरून, मशीनवर करून आणायला सुरुवात केली. मेस्त्रींकडे जुने दुरुस्त करणं उरलं. सगळे म्हणायचे, हे कधी ना कधी होणारच होतं. असेल. मला तसं म्हणता येत नाही. आप्पा घरी फौंड्रीतलं काही सांगेनासे झाले. डबा नुसता डबाच यायला लागला. मला वाटलं होतं मेस्त्री मधून गेले की त्यांची जागा मला मिळेल. ती जागा तशीच रिकामी राहिली.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. राजारामपुरीच्या मागे एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. दाराच्या पायरीवर बसून ते करवतीच्या दातांना कानस मारत होते.

"या इंजिनेर. वाट चुकला काय?"

मी उभ्यानेच सांगायला लागलो. झाकणाचं एक वाक्य पुरं झालं नसेल, तोवर ते उठून आत गेले. येताना हातात घडी केलेला कागद होता. माझाच. त्यावर सरसाचा थेंबसुद्धा नव्हता.

"झाकण कागदाबरोबर जुळतंय," ते म्हणाले. "तंतोतंत. म्हंजे माझा पॅटन बरोबर, दिनूचा साचाबी बरोबर. ऱ्हायलं काय? तू वाढ धरूनच काढलंतंस न्हवं?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगायला आलतो." त्यांनी कानस पायजम्याला पुसली.

"तुम्हाला ठावं होतं तर मालकांना दाखवला का नाही कागद?" मी विचारलं.

मेस्त्रींनी करवतीचा एक दात बोटाने चाचपला. मग म्हणाले, "मला ते पॅटन करायच्या आधीच खटकलंतं. चारशे चोपन्न पॉइंट पाच. असलं तुटकं माप कोण ठेवतंय? मी दिनूला म्हटलं, पोराला एकदा इचारून ये. तर तुझा बा काय म्हणला म्हाईत हाय? म्हणला, मेस्त्री, माझ्या पोरानं कॉम्प्युटरवर काढलंय. त्येच्यात बघायचं काम न्हाई. छाती अशी केलीती." त्यांनी स्वतःची वाळकी छाती पुढे काढून दाखवली. "तीस वर्सं झाली, मी एवढी मापं दिली त्येला. प्रत्येक माप परत बघतोय त्यो. माझ्या तोंडासमोर बघतोय. आन् तुझं न बघता."

त्यांनी कानस खाली ठेवली.

"लागलं गा मला ते. मग मीबी म्हटलं, असू दे. हुंदे तुझ्या पोराच्या कागदापरमानं. लबाड पट्टी लावली आन् केला पॅटन. तुझ्या घरी येऊन इचारायला मला काय पाय नव्हतं? मग मालकाला काय तोंडानं सांगू? आन् त्या दिवशी दिनू घण मारत हुता. त्येच्यासमोर त्यो कागद काढू व्हय?"

हे सगळं आप्पा कधी बोलले होते? मला त्यातला एक शब्द माहीत नव्हता. ते हे माझ्याबद्दल बोलले होते, आणि तेही मेस्त्रींजवळच. अपराधी वाटत होतं, आणि त्यातच, अजून, हेवाही वाटत होता. माझ्या वडलांची फुगलेली छाती या माणसाने पाहिली होती. मी नव्हती पाहिली.

"आप्पांना सांगू?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "माझं काम संपलं त्येच्यातलं."

पुढचं आधी सांगून टाकतो. आप्पा दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मालकांकडे गेले आणि चूक आमच्या घरची आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले. मालकांनी मेस्त्रींना परत नवे पॅटन दिले, पण सगळे नाही. मोठी कामं मशीनकडेच राहिली. मेस्त्रींनी खिडकीखालच्या पट्टीवर दोन-अडीच वर्षं काम केलं आणि मग राधानगरीकडे मुलीच्या गावी राहायला गेले. मला शिरोलीत नोकरी लागली. मी दिवसभर पडद्यावर पॅटर्नच काढतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, वाढ धरली आहे, किंवा धरलेली नाही. नवी पोरं हसतात.

पण मेस्त्री म्हटलं की मला त्या रविवारची दुपारच दिसते. मी घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. मेस्त्रींनी सांगितलेलंही सांगितलं. ते मला मारतील असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घेतला, चपला घातल्या आणि निघाले. मी बऱ्याच अंतरावरून मागे गेलो.

बोळाच्या तोंडाशी मी थांबलो. आप्पा दारासमोर उभे होते, आणि त्यांचा आवाज चार घरं ऐकत होती.

"मेस्त्री! माझ्या पोराची चूक झाकायला तुमास्नी कुणी सांगितलंतं? मी मेलोतो व्हय?"

"आरडू नको मर्दा," मेस्त्री म्हणाले. "शेजारची झोपल्यात. च्या घेणार काय?"

"च्या गेला खड्ड्यात!"

"साखर कमी घालाय सांगतो."

आप्पा काहीतरी मोठ्याने बोलायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मेस्त्रींनी करवत उचलून आत ठेवली आणि पायरीवर एका बाजूला सरकले. आप्पा शेजारी टेकले. बसताना मेस्त्रींनी मान वळवली, तेव्हा त्यांना मी दिसलो. हाक मारतील असं मला वाटलं. मी एक पाऊल पुढेही टाकलं होतं.

त्यांनी हाक मारली नाही. नजर काढून घेतली आणि आप्पांच्या कानाशी काहीतरी बोलले. आप्पांचे खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत ते पाठीवरून कळत नव्हतं. पायरी अरुंद होती, दोघांनाच पुरत होती. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.